चॅनलमध्ये येणाऱ्याचं आपोआप स्वागत: आयआरसी बॉट लिहिताना

चॅनलमध्ये (गप्पांच्या खोलीत) कोणी आलं की 'नमस्कार' म्हणणारी स्क्रिप्ट दोन ओळींत लिहून होते. तीच स्क्रिप्ट आठवडाभर चालली की निम्मे सभासद बॉटला (आपोआप बोलणाऱ्या प्रोग्रामला) इग्नोर करतात आणि उरलेले ऑपरेटरकडे (चॅनल सांभाळणाऱ्याकडे) तक्रार घेऊन जातात. बोलायला लावणं सोपं असतं, कोणासमोर गप्प बसायचं हे स्क्रिप्टला शिकवण्यातच सगळं काम आहे. हा लेख त्या क्रमानेच जातो. मुख्य उदाहरण आयआरसीचं (इंटरनेट रिले चॅट, मजकुरावर चालणारी गप्पांची जुनी व्यवस्था) घेतलं आहे, कारण तिथे काय घडतं ते ओळीओळीने उघड दिसतं. इतर ठिकाणचे फरक शेवटाकडे आहेत.

आधी बघा, स्क्रिप्ट हवी आहे का

नेटवर्कवर चॅनसर्व्ह (चॅनलची नोंदणी सांभाळणारी सेवा) असेल आणि चॅनल तुमच्या नावावर नोंदलेलं असेल, तर बहुतेक ठिकाणी 'एंट्रीमेसेज' नावाची सोय मिळते. ठरलेला मजकूर एकदा तिथे टाकला की येणाऱ्या प्रत्येकाला तो नोटीस म्हणून जातो आणि फक्त त्यालाच दिसतो. बॉट नको, सर्व्हर नको, देखभालही नको. नियमांची लिंक आणि 'प्रश्न थेट विचारा, उत्तराला वेळ लागू शकतो' एवढंच सांगायचं असेल तर इथेच थांबा. टॉपिकमध्येही (चॅनलच्या माथ्यावर दिसणाऱ्या ओळीतही) हे बसतं.

फक्त नव्या माणसालाच सांगायचं असेल, वेळेनुसार मजकूर बदलायचा असेल किंवा आलेल्यांची नोंद ठेवायची असेल, तर मात्र स्क्रिप्ट लागते.

स्वतःच्या क्लायंटमध्ये की वेगळा बॉट

एमआयआरसी या विंडोजवरच्या आयआरसी क्लायंटमध्ये (गप्पांसाठीच्या ॲपमध्ये) ऑल्ट आणि आर दाबलं की स्क्रिप्ट एडिटर उघडतो. त्यातल्या रिमोट टॅबमध्ये 'ऑन जॉइन' इव्हेंट लिहिला की काम सुरू. शिकायला हे छान आहे. अडचण अशी की उत्तर तुमच्याच निकवरून (टोपणनावावरून) जातं. तुम्ही जेवायला उठलेले असता, नवखा 'धन्यवाद, एक प्रश्न होता' असं लिहितो, आणि पुढे शांतता. माणूस समोर आहे असं वाटून तो ताटकळतो. म्हणून कायमच्या वापरासाठी वेगळा निक असलेला बॉट ठेवा आणि निकमध्येच 'बॉट' हा शब्द येऊ द्या. काही सर्व्हरवर बॉटसाठी खास यूजर मोड असतो, तोही लावा. चॅनल दुसऱ्याचं असेल तर बॉट आणण्याआधी ऑपरेटरला विचारा. न विचारता आणलेला बॉट पहिल्या स्वागतालाच बॅन होतो.

तयार बॉटमध्ये एगड्रॉप जुना आणि भक्कम आहे. त्याच्या स्क्रिप्ट टीसीएल भाषेत असतात. पायथनमध्येही लायब्ररी मिळतात. शून्यापासून लिहायचं असेल तरी प्रोटोकॉल साधा आहे: मजकुराच्या ओळी जातात आणि ओळी येतात.

जोडणी, आणि घाई नको

एनक्रिप्टेड जोडणीसाठी नेहमीचा पोर्ट ६६९७, साध्यासाठी ६६६७. पासवर्ड पाठवणार असाल तर ६६९७ च वापरा. जोडलं की 'निक' आणि 'यूजर' या दोन कमांड पाठवायच्या आणि सर्व्हरकडून ००१ क्रमांकाची ओळ येईपर्यंत थांबायचं. त्याआधी पाठवलेला 'जॉइन' वाया जातो. नवख्यांच्या बॉटची 'कनेक्ट होतो पण चॅनलमध्ये दिसत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते.

निक आधीच कोणी घेतला असेल तर ४३३ येतो. मग शेवटी अंडरस्कोर जोडून पुन्हा 'निक' पाठवा. हा अंडरस्कोर लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

सर्व्हर अधूनमधून 'पिंग' पाठवतो. त्यात जो मजकूर असेल तोच जोडून 'पाँग' परत पाठवायचा. नाही पाठवला तर काही मिनिटांत जोडणी तुटते. लायब्ररी हे स्वतः करते. स्वतः लिहीत असाल तर आणखी एक गोष्ट: सॉकेटमधून (सर्व्हरशी असलेल्या जोडणीतून) एका वेळी आलेला डेटा म्हणजे एक पूर्ण ओळ असेलच असं नाही. कधी अर्धी ओळ येते, कधी साडेतीन. आलेलं सगळं बफरमध्ये साठवा आणि ओळ संपल्याची खूण दिसली की तेवढाच तुकडा वाचायला घ्या. हे केलं नाही तर बॉट घरी नीट चालतो आणि गर्दीच्या चॅनलवर अधूनमधून कोणाचं तरी निक अर्धवट वाचतो.

जॉइनची ओळ जवळून

कोणी आलं की सर्व्हरकडून अशी ओळ येते. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत असते, इथे वाचण्यासाठी देवनागरीत दिली आहे:

:पतंग!~पतंग@होस्ट.उदाहरण जॉइन #मदत

पहिल्या कोलनपासून उद्गारचिन्हापर्यंत निक, तिथून ॲट चिन्हापर्यंत यूजर, पुढे पहिल्या स्पेसपर्यंत होस्ट (तो जिथून जोडला गेला तो पत्ता). मग कमांड आणि मग चॅनल. काही सर्व्हर चॅनलच्या नावाआधी आणखी एक कोलन लावतात, तो काढून टाकल्याशिवाय '#मदत' शी तुलना जुळणार नाही. 'एक्स्टेंडेड जॉइन' ही आयआरसीव्ही३ (आयआरसीत नंतर घातलेली भर) मधली सोय सर्व्हरवर असेल तर मागून घ्या. मग त्याच ओळीत माणसाचं नोंदणीकृत खातंही कळतं आणि लॉगिन नसेल तर त्या जागी तारा येतो. खात्याचं नाव मिळणं ही मोठी सोय आहे, कारण निक आणि होस्ट दोन्ही बदलतात.

बॉट स्वतः चॅनलमध्ये शिरतो तेव्हा त्यालाही हीच ओळ मिळते. आधीपासून बसलेल्यांसाठी मात्र जॉइन येत नाही. त्यांची नावं ३५३ क्रमांकाच्या ओळींत येतात आणि यादी संपली की ३६६.

आता स्क्रिप्टचा सांगाडा. कुठल्याही भाषेत लिहा, क्रम हाच ठेवा:

जॉइन आल्यावर
— निक, होस्ट, चॅनल वेगळे कर
— चॅनल आपल्या यादीत नसेल तर थांब
— निक माझाच असेल तर थांब
— गर्दी सुरू असेल तर थांब
— याचं स्वागत आधी झालं असेल तर थांब
— ५ सेकंदांचा टाइमर लाव. तेव्हाही तो चॅनलमध्ये असेल तर नोटीस पाठव आणि नोंद कर

थांबण्याच्या ओळी चार, बोलण्याची एक. हे प्रमाण योग्य आहे.

स्वतःला ओळखणं

एमआयआरसीत इव्हेंटच्या ओळीत ताऱ्याआधी उद्गारचिन्ह लावलं की स्वतःच्या जॉइनवर तो चालत नाही. इतरत्र तुलना तुम्हालाच करावी लागते आणि चूक इथे होते: निक सेटिंगच्या फाइलमधल्या नावाशी ताडला जातो. जोडणी तुटून परत आली, जुनं नाव सर्व्हरवर अजून अडकलेलं होतं, ४३३ आला आणि बॉट अंडरस्कोर लावून आत शिरला. आता त्याचं खरं नाव वेगळं आणि फाइलमधलं वेगळं, म्हणून तो मोठ्या प्रेमाने स्वतःचंच स्वागत करतो. सध्याचा निक एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि स्वतःच्या नावाने 'निक' ओळ आली की तो बदला.

लहान-मोठ्या लिपीचा घोळही इथलाच. आयआरसीत लहान-मोठी अक्षरं एकच मानतात, पण अनेक सर्व्हर चौकटी कंस आणि महिरपी कंसही एकाच अक्षराची दोन रूपं धरतात. हा नियम जुन्या आरएफसी १४५९ (आयआरसी प्रोटोकॉलच्या नियमांचा दस्तऐवज) मधून आला. तुमचा सर्व्हर कुठला नियम पाळतो ते जोडणीनंतर येणाऱ्या ००५ च्या ओळींत 'केसमॅपिंग' या नावाखाली लिहिलेलं असतं.

नोटीस, चॅनलमध्ये नाही

स्वागत तीन मार्गांनी करता येतं: सगळ्यांसमोर चॅनलमध्ये, खासगी मेसेजने किंवा खासगी नोटीसने. चॅनलमधलं स्वागत पाच-दहा जणांच्या गटात चालून जातं. त्याहून मोठ्या ठिकाणी ते चालू गप्पांमध्ये घुसतं. खासगी मेसेज बऱ्याच क्लायंटमध्ये नवी खिडकी उघडतो आणि माणूस दचकतो. नोटीस सहसा त्याच्या समोरच्या खिडकीतच उमटते.

नोटीसच्या बाजूने आणखी पक्कं कारण आहे. नोटीसला आपोआप उत्तर द्यायचं नाही, हा प्रोटोकॉलचाच नियम आहे. दोन बॉट एकमेकांच्या 'नमस्कार'ला उत्तर देत बसले तर ते कनेक्शन तुटेपर्यंत बसतात, म्हणून हा नियम केला गेला. तुमचा बॉट नोटीसनेच बोलेल आणि आलेल्या नोटीसकडे दुर्लक्ष करेल, एवढं पाळलंत तर ही साखळी तुमच्या बाजूने कधी सुरू होत नाही.

मजकूर आणि बाइटांचा हिशोब

 आयआरसीत एका ओळीची मर्यादा ५१२ बाइट आहे आणि त्यातले शेवटचे दोन ओळ संपवण्यासाठी जातात. उरले ५१०. त्यातही सर्व्हर तुमची ओळ पुढे पाठवताना तुमचा निक, यूजर आणि होस्ट पुढे चिकटवतो, त्यात शंभर-सव्वाशे बाइट जाऊ शकतात. मजकुराला सुरक्षितपणे ३८० च्या आसपास धरा.

मराठीत लिहिणाऱ्याला हे लवकर टोचतं, कारण यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'स्वागत' दिसायला तीन अक्षरं. आत मात्र स, हलन्त, व, काना, ग, त अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. या हिशोबाने एका ओळीत साधारण १२५ चिन्हं बसतात. स्पेस आणि स्वल्पविराम एकेक बाइटाचे, म्हणून थोडी जास्त. मर्यादा ओलांडली की सर्व्हर ओळ जिथे येईल तिथे कापतो. कधी तो अक्षराच्या मधोमध कापतो आणि शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. तुमच्या भाषेतलं लांबी मोजणारं फंक्शन बहुधा चिन्हं मोजतं, बाइट नाही. मजकूर आधी यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करा आणि मग मोजा. लिंक द्यायची असेल तर ती मजकुराच्या सुरुवातीकडे ठेवा, कापलं गेलं तरी लिंक वाचते.

मजकूर एका ओळीचा असू द्या. चॅनल कशासाठी आहे, नियम कुठे आहेत, प्रश्न कसा विचारायचा, आणि हा बॉट आहे. रंगांचे कोड टाकू नका. काही चॅनल रंगीत मजकूर अडवतात, मग चॅनलमध्ये बोलू पाहणाऱ्या बॉटला ४०४ मिळतो आणि स्वागत कोणालाच दिसत नाही.

कोणाला पुन्हा म्हणायचं नाही

मोबाइलवरचा सभासद दिवसातून वीस वेळा तुटतो आणि जोडला जातो. प्रत्येक वेळी त्याला नियमांची लिंक देणं म्हणजे छळ. म्हणून प्रत्येक स्वागताची वेळ नोंदवा आणि ३० दिवसांच्या आत तोच माणूस आला तर गप्प राहा.

तोच माणूस म्हणजे कोण, हा खरा प्रश्न. खातं कळत असेल तर खातं धरा, विषय संपला. नसेल तर निक किंवा होस्ट यांपैकी एक जरी ओळखीचा निघाला तरी थांबा. एखाद्याचं स्वागत राहिलं तर फारसं बिघडत नाही, पण जुन्या माणसाला परत परत केलं तर तो चिडतो. याला अपवाद वेबचॅटचा (ब्राउझरमधून जोडण्याच्या सोयीचा). तिथून येणाऱ्या सगळ्यांचा होस्ट एकच असू शकतो आणि नवखे नेमके तिथूनच येतात. तो होस्ट यादीत टाकून त्यांच्यासाठी फक्त निक तपासा.

नोंदी मेमरीत ठेवल्या तर बॉट रीस्टार्ट झाला की सगळे पुन्हा नवे होतात, म्हणून फाइलमध्ये ठेवा. नवी फाइल वेगळ्या नावाने पूर्ण लिहून मग जुन्या नावावर सरकवा. थेट जुन्या फाइलवर लिहिताना वीज गेली तर अर्धी फाइल उरते.

बॉट पहिल्यांदा सुरू करतानाची फट अनेकांच्या लक्षात येत नाही. नोंदी रिकाम्या असतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात बॉट चॅनलच्या जुन्याजाणत्यांनाच 'इथे नवीन आहात का' असं विचारत फिरतो. पहिल्या प्रवेशानंतर 'व्हू' कमांडने बसलेल्या सगळ्यांचे निक आणि होस्ट घ्या आणि 'स्वागत झालेलं आहे' म्हणून नोंदवून टाका.

५ सेकंद का

काही जण दार उघडून लगेच परत जातात. काही क्लायंट आधी जोडतात आणि मग लॉगिन करतात. लॉगिन होताच होस्ट बदलतो, आणि काही सर्व्हर तो बदल 'क्विट' (सर्व्हर सोडणं) व लगोलग नवा 'जॉइन' असा दाखवतात. टाइमर नसेल तर एका माणसाला दोन सेकंदांत दोन स्वागतं जातात. टाइमर संपताना तो माणूस चॅनलमध्ये आहे का ते तपासा, आणि त्यासाठी सभासदांची यादी जॉइन, पार्ट (चॅनल सोडणं), क्विट, किक (चॅनलमधून काढणं) आणि निक या पाचही घटनांवर अद्ययावत ठेवा. निक विसरलात तर पाच सेकंदांत नाव बदललेल्याला पाठवलेली नोटीस हवेत जाते आणि सर्व्हर ४०१ परत देतो, म्हणजे असा निकच नाही.

टाइमरमुळे एक धोकाही येतो आणि एगड्रॉपवाल्यांनी तो नीट समजून घ्यावा. निकमध्ये चौकटी कंस चालतात आणि टीसीएलमध्ये चौकटी कंस म्हणजे 'आतलं चालवून दाखव'. टाइमरची कमांड अवतरणचिन्हात निक घालून एक मजकूर म्हणून तयार केली, तर टाइमर संपताना तो मजकूर नव्याने वाचला जातो आणि कंसातला भाग कमांड म्हणून चालतो. सहसा एरर येऊन स्वागत बुडतं. वाईट नशीब असेल तर कोणीतरी मुद्दाम तसा निक घेऊन आलेला असतो. उपाय एका शब्दाचा आहे: टाइमरला द्यायची कमांड 'लिस्ट' कमांडने बनवा, म्हणजे निक हा निकच राहतो. पायथनसारख्या भाषेत हा प्रश्न येत नाही. पण निक थेट रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातला नमुना शोधण्याच्या सूत्रात) टाकलात तर कंस आणि उभी रेघ तिथेही वेगळाच अर्थ घेतात.

गर्दी

दोन सर्व्हरमधला दुवा तुटला की पलीकडचे सगळे एकदम 'क्विट' होतात आणि दुवा जुळला की एकदम 'जॉइन'. याला नेटस्प्लिट म्हणतात. समजा आठ जण परतले आणि तुमचं स्वागत तीन ओळींचं आहे. चोवीस ओळी झाल्या. आरएफसी १४५९ मधल्या पद्धतीने सर्व्हर प्रत्येक ओळीमागे २ सेकंदांचा दंड लावतो आणि १० सेकंदांपर्यंतची उधारी चालवून घेतो. म्हणजे पहिल्या पाच ओळी लगेच जातात आणि उरलेल्या एकोणीस ओळींना ३८ सेकंद लागतात. तोवर ओळी साचत राहतात. साठा मर्यादेपलीकडे गेला की सर्व्हर 'एक्सेस फ्लड' असं कारण देऊन बॉटलाच बाहेर काढतो. मग बॉट परत येतो, आणि वरचा अंडरस्कोरचा घोळ झाला असेल तर स्वतःचं स्वागतही करतो.

दोन बंधनं घाला. पाठवायच्या ओळी रांगेत टाका आणि दर २ सेकंदांना एकच सोडा. एगड्रॉपमध्ये अशा तीन रांगा तयारच असतात. स्वागतासाठी सगळ्यात कमी घाईची, 'पुटहेल्प'ची रांग वापरा, म्हणजे किक-बॅनसारखी कामं अडत नाहीत. दुसरं, गेल्या १० सेकंदांत पाचपेक्षा जास्त जॉइन आले असतील तर पुढचं मिनिटभर कोणाचंच स्वागत नाही. हे आकडे चॅनलच्या वर्दळीप्रमाणे बदला. क्विटच्या कारणात दोन सर्व्हरची नावं शोधून स्प्लिट ओळखण्याची युक्ती जुनी आहे, पण काही नेटवर्क ते कारण लपवतात, शिवाय बनावट निकांची धाड आली तर ती युक्ती निरुपयोगी ठरते. मोजणी दोन्हीला पुरते. एगड्रॉपमध्ये स्प्लिटनंतर परतणाऱ्यांसाठी वेगळा बाइंडही (घटनेला स्क्रिप्ट जोडण्याची सोय) आहे.

इतर ठिकाणी काय बदलतं

डिस्कॉर्डवर माणूस चॅनलमध्ये नाही, सर्व्हरमध्ये येतो. तो आल्याचा इव्हेंट मिळण्यासाठी डेव्हलपर पोर्टलमध्ये सर्व्हर मेंबर्स इंटेंट (ही माहिती मिळण्याची परवानगी) चालू करावा लागतो आणि कोडमध्येही मागावा लागतो. कोडमध्ये मागायचं विसरलात तर एरर न येता नुसती शांतता मिळते, आणि पोर्टलमध्ये चालू न करता कोडमध्ये मागितला तर जोडणीच नाकारली जाते. टेलिग्रामवर बॉट अनोळखी माणसाला आपणहून खासगी मेसेज पाठवू शकत नाही, आधी त्याने बॉट सुरू करावा लागतो. म्हणून तिथे स्वागत ग्रुपमध्येच होतं. नवं स्वागत टाकताना आधीचं पुसून टाकणं हा चांगला रिवाज. स्लॅकमध्ये फक्त एकाच माणसाला दिसणारा तात्पुरता संदेश चॅनलमध्ये टाकता येतो, जवळजवळ आयआरसीच्या नोटीससारखाच.

लावण्याआधीची चाचणी

वेगळं रिकामं चॅनल उघडा आणि दुसऱ्या क्लायंटने आत-बाहेर करा. पहिल्यांदा स्वागत यावं, लगेच परत आल्यावर येऊ नये. शिरून दोन सेकंदांत बाहेर पडा: बॉटच्या लॉगमध्ये ४०१ दिसता कामा नये. चौकटी कंस असलेला निक घेऊन या. बॉटचा निक आधीच दुसऱ्या क्लायंटने अडवून ठेवा आणि मग बॉट सुरू करा. बॉट बंद करून पुन्हा चालू करा आणि जुन्याच निकने या. शेवटी सगळ्यात लांब निकने येऊन मजकूर शेवटपर्यंत पोचतो का ते बघा.

बॉटला गप्प करणारी एक कमांड ठेवाच आणि ती चॅनलच्या सगळ्या ऑपरेटरना चालू द्या, नुसती तुम्हाला नाही. रात्री तीनला बॉट बिघडला तेव्हा तुम्ही झोपलेले असता. कमांड देणारा खरोखर ऑपरेटर आहे का ते त्याच्या खात्यावरून किंवा चॅनलमधल्या दर्जावरून तपासा. निकवरून तपासलंत, तर ऑपरेटर बाहेर पडताच त्याचा निक घेऊन कोणीही बॉट बंद करू शकतो.